अर्ध्या तासाचा डाव

मॉन्ट्रियल,
गुरुवार, १८ डिसेंबर २०१४

प्रिय हेर्शल,

तू, शुला आणि मुलं खुशाल असाल. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. थंडीने कहर केलाय, पण डिसेंबरात थंडीबद्दल तक्रार करणाऱ्याला इथे कोणी उभं करत नाही, तेव्हा तो विषय सोडते.

तुझं पार्सल मंगळवारी दुपारी पोचलं, नेमकं आठ रात्रींच्या सणाच्या पहिल्या मेणबत्तीच्या दिवशी. आभार मानण्यासाठी हे पत्र. गेली सात वर्षं तू आणि मी नववर्षाच्या कार्डाखाली नुसती नावं लिहितोय. पण माझ्या नातीसाठी तू हैफाहून ड्रेडल, चार अक्षरांचा चौकोनी भोवरा, पाठवलंस, म्हटल्यावर कार्डावर भागणार नाही, पत्रच लिहायला हवं, असं गिटल आत्याने ठणकावलं. आत्या चौऱ्याऐंशीची झाली. राहते अजून खालच्याच मजल्यावर, पण तिचे हुकूम जिना चढून वर येतात.

ओरलीला भोवरा फार आवडला. लाकडाला अजून वास येतो. पहिलं भांडण मात्र त्याच्यावरूनच झालं. आपल्या भोवऱ्यांवर चौथं अक्षर शिन, म्हणजे चमत्कार ‘तिथे’ झाला. तुमच्या देशात तो झाला, म्हणून तुमच्याकडच्यावर त्या जागी ‘इथे’चं अक्षर. आत्याने चष्मा कपाळावर ढकलून ते पाहिलं आणि म्हणाली, “इथे? इथे कुठे? या गल्लीत? चाळीस वर्षांत इथे बस वेळेवर आली नाही, आणि म्हणे चमत्कार!”

“तुझं लग्न झालं की इथे,” बाबा म्हणाले. “तो चमत्कारच होता.”

आत्याने चष्मा खाली ओढून त्यांच्याकडे पाठ केली. मग ठरलं की तुझं अक्षर पडलं तरी शिनसारखंच, आपल्यातला एक अक्रोड मध्ये टाकायचा.

खेळ रोज होतो, कारण तो अर्धा तास मला दुसरं काही करायची मुभा नाही. मेणबत्त्या जळताहेत तोवर घरातल्या बाईने कामाला हात लावायचा नाही. आई हे कसं पाळायची तुला आठवतं ना? ओट्यावर कढई तशीच टाकून हात मांडीवर घेऊन बसायची, पाहुणी आल्यासारखी. आपण हसायचो. आता मला कळतं, ज्या कोणा म्हाताऱ्या बाईने ही रीत सुरू केली तिला सासू-सासरे असणार आणि दोघेही अंथरुणाला खिळलेले असणार. एरवी मी बसले की बाबा हाक मारतात. या अर्ध्या तासात हाक मारली तरी आत्या ओरडते, “ती उठणार नाही! अजून जळतायत!” वर्षात आठ अर्धे तास. हिशेबाला मी कच्ची आहे, पण चार तास होतात एवढं येतं.

आमची लेक हेन्या कामावरून सुटली की ओरलीला इथे सोडते आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून तशीच पुढे जाते. ओरली नऊ वर्षांची आहे आणि भयंकर न्यायी आहे. ती रोज बाबांना नियम नव्याने समजावते. “पणजोबा, ऐका. गिमेल पडलं की मधले सगळे अक्रोड तुमचे. ‘हे’ अक्षर पडलं की अर्धे. नून पडलं की काही नाही, हात चोळत बसायचं. शिन पडलं की एक द्यायचा.” बाबा मान डोलावतात, शहाण्या मुलासारखे. मग भोवरा फिरवतात, आणि तो पडता पडता अंगठ्याने हळूच टेकू देतात. गिमेल! चाळीस वर्षं कोटांच्या कारखान्यात कापड बेतलेला अंगठा आहे तो, त्याला सुतभर सरकवणं काय कठीण?

“तुम्ही ढकललंत!” ओरली.

“मी? मी श्वास घेतला.”

“अंगठ्याने?”

“या वयात जिथून जमेल तिथून घेतो.”

वर ओरलीलाच म्हणतात, “गिटल लबाड आहे, तिच्यावर लक्ष ठेव.” चोराच्या उलट्या बोंबा! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते असं. काल सकाळी मला त्यांच्या सपातांत चार अक्रोड सापडले आणि कवळीच्या डबीत दोन. कवळी कुठे होती ते विचारू नकोस.

बाबांनी तुझी फार आठवण काढली. भोवरा हातात घेऊन “हेर्शलने पाठवला” असं दोन-तीनदा म्हणाले.

बाकी विशेष नाही. पुढच्या दाराला वरच्या बाजूला एक कडी बसवून घेतली, वारा येतो म्हणून. बाबांच्या सगळ्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवायला घेतल्यात, सदरे, पायमोजे, सगळ्यावर. डोळे दुखतात, पण रोज पाच-सहा होतात. कशासाठी ते पुढे लिहीन.

शुलाला नमस्कार.

फ्रेयडा

*

मॉन्ट्रियल,
रविवार, २१ डिसेंबर

प्रिय हेर्शल,

गुरुवारचं पत्र टाकलं आणि पेटीचं झाकण पडल्याबरोबर मला वाटलं, हात घालून परत काढावं. पेटीने काही दिलं नाही. म्हणून दुसरं लिहितेय.

बाबांनी तुझी आठवण काढली हे मी खोटं लिहिलं. मी म्हटलं, “हेर्शलने पाठवलाय,” तर ते म्हणाले, “भला माणूस दिसतो. कोण आहे?” मी म्हटलं, “तुमचा मुलगा.” त्यावर त्यांनी आत्याकडे पाहिलं, जसं काही मी त्यांची थट्टा करतेय. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिते, कारण एक खोटं लिहिलं की पुढची सगळी त्याच्या मापाची बेतावी लागतात, आणि माझ्यात तेवढं त्राण नाही.

पाच मेणबत्त्या झाल्या. पाचही दिवशी बाबांनी पहिल्या रात्रीची प्रार्थना म्हटली. तीच, पहिल्या रात्री एकदाच म्हणायची, ज्याने आम्हाला जगवलं, सांभाळलं आणि या दिवसापर्यंत आणून पोचवलं त्याच्या नावाची. बुधवारी त्यांनी ती पुन्हा म्हटली तेव्हा आम्ही कानाडोळा केला. गुरुवारी आत्याने टेबलावर हात आपटला. “युदल, पुरे! ती मंगळवारी झाली. देवाचं नाव फुकट घेतोयस!”

“आज पहिली ना?”

“तिसरी! मोज, तीन जळतायत.”

बाबांनी बोटाने मोजल्या. “पहिलीच आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या कोणी तरी आधी लावून गेलंय. विचारून लावायची रीत नाही का घरात?”

ओरली टेबलाखाली जाऊन हसली. मला हसू आलं नाही. आत्याने शुक्रवारी सकाळी रब्बींना फोन केला. चुकीच्या प्रार्थनेवर आमेन म्हणायचं की नाही, कारण चुकीच्या जागी म्हटलेलं आमेनसुद्धा पाप. ते तरुण आहेत, नवीन आलेत, फार सभ्यपणे म्हणाले, “विसरलेल्या माणसाला दोष नाही. मात्र ज्यांना आठवतंय त्यांनी आमेन म्हणू नये.” आत्याने फोन ठेवला आणि म्हणाली, “बघ, इथेही आठवणाऱ्यांवरच दंड.”

म्हणून शुक्रवारी आम्ही गप्प बसलो. बाबांची प्रार्थना संपली. ते थांबले. आवाज चांगला लागला होता, तुला त्यांचा आवाज माहीत आहे. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, “घरात कोणी गेलंय का? आमेन का नाही कोणी म्हणत?” ओरलीने माझ्याकडे पाहिलं. मी आमेन म्हटलं. आत्या म्हणाली, “फ्रेयडा!” मी म्हटलं, “आत्या, माझ्या डोक्यावर आधीच इतकं आहे की त्यात हे एक कुठे दिसायचंही नाही.” काल पाचवीलाही मी म्हटलं. आत्या आता कानातलं यंत्र काढून ठेवते, म्हणजे तिने ऐकलंच नाही.

हे सगळं गमतीचं म्हणून लिहितेय, आणि गमतीचं आहेच. पण मी जे लिहायला बसले ते हे नाही.

कडी वाऱ्यासाठी नाही. नोव्हेंबरात एका सकाळी मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तर दार सताड उघडं. बाबा बाहेरच्या लोखंडी जिन्यावर, सहाव्या पायरीवर, एका पायात बूट, दुसरा मोकळा, पायऱ्यांवर रात्रीचं बर्फ गोठलेलं. कारखान्याची वेळ झाली म्हणाले. समोरच्या घरातल्या बाईने त्यांना धरून ठेवलं होतं, नाही तर. पुढचं लिहीत नाही.

त्या दिवसापासून मी दाराला खुर्ची लावून तिच्यावर झोपत होते. मग कडी आली. कडी त्यांना सापडली. आता कडीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात. मी सहासष्ट वर्षांची आहे, हेर्शल. त्यांना उचलून बसवताना माझी पाठ एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, आता डॉक्टर म्हणतात तिसऱ्यांदा गेली तर एकाच्या जागी दोघांना उचलायला माणूस लागेल. मॉरिस जिवंत असता, नवऱ्याचा हात असता, तर गोष्ट वेगळी होती. हेन्या येते तशी येते, तिला नोकरी आहे. नाकीनऊ आलेत, हे मला सरळ शब्दांत लिहायला सात वर्षं लागली.

मी सह्या केल्या. दोन डिसेंबरला. नदीजवळची एक संस्था आहे, स्वच्छ आहे, जेवण आपल्या पद्धतीचं आहे, एक नर्स यिद्दिश बोलते. खोली सोमवारी, एकोणतीसला, रिकामी मिळते. नावाच्या पट्ट्या त्यासाठी.

आता तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. सात वर्षांपूर्वी, आईच्या वेळी, तू याच टेबलाशी बसून म्हणाला होतास, “फ्रेयडा, तुला एकटीला झेपणार नाही, तिला संस्थेत ठेवू या.” आणि मी काय बोलले तेही मला पाठ आहे. आईला फेकायला निघालेला मुलगा म्हटलं. दगड म्हटलं. आई गेल्यावर सुतकाच्या आठवड्यात, लोक बसलेले असताना, तुझा कोट तुझ्या हातात दिला. आणि आता मीच बाबांच्या सदऱ्यांवर पट्ट्या शिवतेय. हास, तुला हसायचा हक्क आहे.

पण बाबांना मी शब्द दिला होता. आईच्या नंतर, अजून सगळं आठवत होतं तेव्हा, त्यांनी माझं मनगट धरून म्हटलं होतं, “फ्रेयडा, मला या घरातून आडवा झाल्यावरच काढ.” मी हो म्हटलं. त्यांना आता आठवत नाही. मला आठवतं. हाच तर दंड.

तुला हेही माहीत असेल की इथून हैफाला पत्र दहा-बारा दिवसांनी पोचतं आणि फोन दोन मिनिटांत लागतो. मी पत्र लिहितेय. म्हणजे तुला कळेल तोवर सोमवार होऊन गेलेला असेल. यात लबाडी आहे. भोवऱ्याला अंगठ्याने टेकू द्यायची विद्या घरातच शिकलेय.

फ्रेयडा

*

मॉन्ट्रियल,
बुधवार, २४ डिसेंबर

प्रिय हेर्शल,

रविवारचं पत्र सोमवारी टाकलं. हे तिसरं. आत्या म्हणते, टपालखात्याने मला आता पगार द्यावा.

काल आठवी मेणबत्ती होती. हेन्या वर येऊन बटाट्याचे लाटके ठेवून गेली, तेवढं माझं तळण वाचलं. आठही पेटल्यावर खिडकीची काच आतून ओली झाली. बाबांनी पहिल्या रात्रीची प्रार्थना म्हटली, मी आमेन म्हटलं, आत्याचं यंत्र खिशात होतं. मी हात मांडीवर घेऊन बसले. शेवटचा अर्धा तास, आता पुढच्या वर्षी.

डाव जोरात होता. आत्याने दोन वेळा नून टाकलं आणि देवाशी बोलली, “मी तुला काय केलंय?” ओरलीने तुझा भोवरा वापरायचा हट्ट धरला, आणि बाबांचा अंगठा बंद व्हावा म्हणून नवा नियम काढला, की भोवरा फिरवल्यावर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसलाय, पोलिसांनी पकडल्यासारखा, आणि भोवरा फिरतोय. “हे काय राज्य आलंय,” ते म्हणाले, “स्वतःच्या घरात हात वर!”

आणि गिमेल पडलं. कोणी ढकललं नाही, कोणी श्वास घेतला नाही. आपोआप. मधले सगळे अक्रोड त्यांचे, वीसेक असतील. आत्याचे त्या डावात संपले होते, माझेही. ओरलीने वाकून अक्षर दोनदा तपासलं आणि नाइलाजाने म्हणाली, “खरंच आहे.” बाबा इतके खूश मी वर्षभरात पाहिले नव्हते. दोन्ही हातांनी ढीग जवळ ओढला. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“तुम्ही खेळत नाही?” त्यांनी मला विचारलं.

हेर्शल, त्यांनी मला कधी आईच्या नावाने हाक मारली, कधी आत्याच्या, कधी नुसतं “अगं” म्हटलं. ‘तुम्ही’ पहिल्यांदा म्हणाले.

“माझे संपले,” मी म्हटलं.

“ही बाई दिवसभर उभी असते,” ते आत्याला म्हणाले. आवाज खाली आणून, पण त्यांचा खालचा आवाज तुला माहीत आहे, रस्त्यावर ऐकू जातो. “मी बघतो ना. सकाळपासून उभी. मला धुते, पुसते, भरवते. आज बसलेली दिसतेय. तिला सुट्टी कोण देतं? कोणी देत नाही?”

आत्याने घाईघाईने यंत्र कानात घातलं. “युदल, ही फ्रेयडा. तुझी मुलगी.”

बाबा हसले. आत्या चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. “फ्रेयडा शाळेत गेलीय,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, फार अदबीने, कारखान्यात गिऱ्हाइकाशी बोलायचे तसे, “बाई, तुमच्या घरी कोण असतं?”

मी म्हटलं, “वडील असतात.” का म्हटलं कोण जाणे. तोंडातून गेलं.

“म्हातारे?”

“एक्क्याण्णव.”

“अरे देवा! आणि तुम्ही इथे काय करताय? परक्याच्या घरी?” ते खरोखर रागावले. “त्यांना कोण बघतं? घरी जा तुम्ही. वाट बघत असतील ते. उद्यापासून येऊ नका इथे. नाही, नाही, कामाची तक्रार नाही. काम चांगलं करता तुम्ही, हात हलका आहे तुमचा. पण दमलात. माणसाने किती करावं? आमचं आम्ही बघून घेऊ.”

आणि जिंकलेले अक्रोड मुठीमुठीने माझ्या एप्रनच्या खिशात भरायला लागले. एकही स्वतःला ठेवला नाही. ज्या माणसाने कवळीच्या डबीत अक्रोड लपवले त्याने! “वडिलांना न्या,” म्हणाले. “त्यांना फोडून द्या, दात नसतील.”

ओरली हसायला लागली होती, ती मध्येच थांबली. आत्याने तोंड खिडकीकडे केलं. मी म्हटलं, “बरं. नेते.” खिसा इतका जड झाला की एप्रन एका बाजूला ओढला गेला. मेणबत्त्या अजून जळत होत्या, म्हणून मला उठताही येईना. तशीच बसून राहिले, समोर बाबा, ‘ही अजून जात का नाही’ अशा नजरेने माझ्याकडे बघतायत.

काल संध्याकाळपासून मी एकाच गोष्टीभोवती फिरतेय. त्यांनी मला मोकळं केलं. स्वतःच्या तोंडाने, घरात, साक्षीदारांसमोर. मनगट धरून घेतलेला शब्द त्यांनी परत दिला. पण दिला तो कामाच्या बाईला. मुलगी शाळेतून अजून आलेली नाही. बाईला मिळालेली सुट्टी मुलीने घ्यावी का, हे मी रब्बींना विचारू शकत नाही. ते पुन्हा सभ्यपणे आठवणाऱ्यांबद्दल काही तरी सांगतील.

मी घेतलीय. सोमवारी दहा वाजता गाडी येईल. सगळ्या पट्ट्या शिवून झाल्या.

आता राहिलेलं एक लिहिते, मग बंद करते. दोन पत्रं याच्याच आजूबाजूने गेली.

आई जिन्यावरून पडली आणि गेली, त्या दुपारी मी दुकानात गेले होते, असं मी तुला सांगितलं. सगळ्यांना तेच सांगितलं, पोलिसांना, डॉक्टरांना, बाबांना. पाव संपला होता, दहा मिनिटांसाठी गेले, तेवढ्यात ती जिन्यावर गेली. हेर्शल, मी दुकानात गेले नव्हते. घरात दोन पाव होते. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते आणि मला झोप लागली. आधीच्या तीन रात्री तिने झोपू दिलं नव्हतं. ती माझ्या मागून, दोन हातांवरून, दाराकडे गेली असणार. कदाचित तिने हाक मारली असेल. मी ऐकली नाही. खालून आत्या ओरडली तेव्हा मी जागी झाले, आणि पहिला विचार आला तो असा की अजून पाच मिनिटं झोपू दे. ते मला रोज आठवतं.

म्हणून सुतकात तू जेव्हा हळू आवाजात विचारलंस, “फ्रेयडा, तू दमली होतीस का?” तेव्हा मी तुझा कोट तुझ्या हातात दिला. तुला वाटलं मी तुझ्यावर रागावले. तू खऱ्याच्या फार जवळ आला होतास, एवढंच. तू बरोबर होतास, आईच्या वेळी. तेव्हा ऐकलं असतं तर ती आणखी जगली असती, कदाचित मला न ओळखता, पण जगली असती. दगड तू नव्हतास.

हे वाचून तुला माझा संताप आला तर तो योग्यच आहे, मी त्यातला काही परत मागणार नाही. पण बाबांना भेटायला ये. ते तुला ओळखणार नाहीत. म्हणतील भला माणूस दिसतो, आणि अंगठ्याने फसवून तुझे अक्रोड घेतील. पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलाय.

नाहीच जमलं तर मला फोन कर. नंबर तोच आहे. सोमवारनंतर माझ्याकडे करायला काही नसेल, मी दुपारीसुद्धा झोपलेली असेन. तरी कर. बराच वेळ वाजू दे, ठेवू नकोस. या वेळी मी उठेन.

तुझी बहीण,
फ्रेयडा